छत्तीस, बारा, चार, एक

फिल्म धुणाऱ्यांकडे रसायनाचा एक जुना हिशेब असतो. पस्तीस एमएमचा छत्तीस फोटोंचा रोल धुवायला जेवढं डेव्हलपर लागतं, जवळजवळ तेवढंच वन-ट्वेंटीच्या एका रोलला लागतं. चार बाय पाच इंची चार शीटना तेवढंच आणि आठ बाय दहाच्या एका शीटलाही तेवढंच. कारण चारही प्रकारांचं क्षेत्रफळ साधारण ८० चौरस इंच भरतं. चांदीचे क्षार लावलेला पृष्ठभाग तेवढाच. त्यावर पस्तीसवाला छत्तीस फोटो काढतो, रोलीफ्लेक्सवाला बारा, चार बाय पाचवाला चार, आणि आठ बाय दहाचा कॅमेरा खांद्यावरून वाहणारा एक.

फिल्मवर फोटो काढणारी तरुण मंडळी आता पुन्हा दिसू लागली आहेत. थोडे रोल हाताखालून गेले की त्यांच्यातल्या बहुतेकांना एक प्रश्न पडतो: पस्तीसवरच राहायचं की मोठ्या फॉरमॅटकडे जायचं? उत्तर सहसा शार्पनेसच्या भाषेत मिळतं. निगेटिव्ह मोठी, तपशील जास्त. ते खरंच आहे. पण या लेखाच्या निमित्ताने जुने स्टुडिओवाले, कॅमेरे दुरुस्त करणारे, घरच्या न्हाणीघरात रोल धुणारी मुलंमुली यांच्याशी बोलत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं. फोटोचा स्वभाव त्या तुकड्यांच्या संख्येवरून ठरतो. हातात छत्तीस संधी असल्या की माणूस एका तऱ्हेने बघतो, एकच असली की दुसऱ्या तऱ्हेने. समोर बसलेल्या माणसालाही ते कळतं.

शार्पनेसचा हिशेब आधी उरकून घेऊ. पस्तीसची चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. वन-ट्वेंटीवरची ‘सिक्स बाय सिक्स’ प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरचा चौरस असतो; क्षेत्रफळ ३१३६, म्हणजे साडेतीन पटींहून थोडं जास्त. चार बाय पाचच्या शीटवर होल्डरच्या कडा वगळता साधारण ९५ गुणिले १२० मिलिमीटरची प्रतिमा उमटते, ती पस्तीसच्या तेरा पट. फिल्म एकच वापरली, तर तिन्हींवर ग्रेन सारखाच असतो. तीन फुटी प्रिंट करायला पस्तीसची निगेटिव्ह पंचवीस पट वाढवावी लागते, सिक्स बाय सिक्सची सोळा पट आणि चार बाय पाचची साडेसात पट. तेवढ्या पटीने ग्रेनही वाढतो. पोस्टकार्ड साइजला मात्र पस्तीस चार पट वाढली की काम होतं, आणि त्या आकारात तिघांमधला फरक भिंग घेऊनच शोधावा लागेल. तेव्हा प्रिंट केवढी करणार हे आधी ठरवावं. ते न ठरवता मोठा कॅमेरा घेणारे अनेक जण वर्षभरात तो विकायला काढतात, असं मुंबईच्या फोर्टातल्या एका दुरुस्ती कारागिराने मला सांगितलं. त्याच्या कपाटात तसे कॅमेरे ओळीने लावलेले होते.

मोठ्या फिल्मची किंमतही मोजावी लागते, आणि ती केवळ पैशांची नसते. चौकट मोठी झाली की तिची ‘नॉर्मल’ लेन्सही लांब होते: पस्तीसला ५० मिलिमीटर, सिक्स बाय सिक्सला ८०, चार बाय पाचला १५०, आठ बाय दहाला ३००. लेन्स जितकी लांब तितकं फोकसमध्ये राहणारं अंतर कमी. पस्तीसवर एफ ८ ला अंगणातल्या तुळशीपासून मागच्या ओसरीपर्यंत जेवढं नीट येतं, तेवढं आणायला सिक्स बाय सिक्सवर साधारण एफ १६ पर्यंत जावं लागतं, चार बाय पाचवर एफ ३२ च्या जवळ आणि आठ बाय दहावर एफ ६४ च्या आसपास. एफ ८ पासून एफ ६४ म्हणजे प्रकाश चौसष्ट पटींनी कमी. भर उन्हात, १०० आयएसओच्या फिल्मवरही शटर सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत उतरतं. मग ट्रायपॉड आला, वारा पडायची वाट बघणं आलं. १९३२ साली कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम यांनी आपल्या गटाचं नावच ‘ग्रुप एफ ६४’ ठेवलं. पायाखालच्या खड्यापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख हवं, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे बहुतेक विषय जागचे हलत नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

*

पस्तीस एमएमची गोष्ट सांगताना सगळे जर्मनीपासून सुरुवात करतात. मला ती दादरपासून सांगावीशी वाटते.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले आणि त्यांनी तिथे मागणी नोंदवलेला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा नंतर मुंबईत येऊन पोचला. सोबत भोकं पाडायचं यंत्रही होतं, कारण कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. दादरच्या राहत्या घरात अंधार करून त्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. रसायनं कालवणं आणि फिल्म धुणं हेही त्या शिकल्या. पस्तीस एमएम सिनेमा फिल्मच्या दर फुटाला एका कडेवर चौसष्ट भोकं असतात, दोन्ही कडांना मिळून एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट होती. किती भोकं झाली याचा गुणाकार वाचकाने करून पाहावा, आणि तो अंधारात झाला हे विसरू नये.

फाळके मुळात छायाचित्रकार. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. सिनेमाच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, तीही फ्रेम-फ्रेम घेत. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्या वेळी स्थिर फोटोच्या कॅमेऱ्यासारखा वापरला होता.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. जर्मनीत वेट्झलार इथे लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ जवळपास याच सुमाराला त्याच सिनेमा फिल्मपासून खिशात मावणारा कॅमेरा बनवत होता. बार्नाकला दम्याचा त्रास होता, मोठ्या प्लेट कॅमेऱ्याचं ओझं घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं. सिनेमाची चौकट १८ गुणिले २४ मिलिमीटरची, फिल्म तिच्यात उभी धावते. बार्नाकने फिल्म आडवी धावू दिली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. २४ गुणिले ३६ हे माप तिथून आलं. मधल्या महायुद्धामुळे हा कॅमेरा बाजारात यायला १९२५ उजाडलं. लायपझिगच्या वसंत जत्रेत तो लायका नावाने लोकांसमोर आला. आज आपण ज्याला डब्यातला पस्तीसचा रोल म्हणतो, त्या कॅसेटला कोडॅकने १९३४ साली १३५ हा क्रमांक दिला.

बार्नाकने दुप्पट केलेली चौकट ऑलिम्पसच्या योशिहिसा माइतानी यांनी १९५९ साली ‘पेन’ कॅमेऱ्यात पुन्हा अर्धी केली. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ आणला, तोही अर्ध्या चौकटीचा. नाव त्याच्या १७ गुणिले २४ मिलिमीटरच्या फ्रेमवरून. महागलेल्या फिल्मच्या काळात एका रोलमध्ये बहात्तर हे गणित तरुणांना पटतं. ठाण्यातली एक मुलगी लोकलच्या प्रवासात असाच कॅमेरा वापरते. दोन दोन फ्रेम शेजारी ठेवून त्यांची जोडी म्हणून प्रिंट काढते: फलाटावरची बाई आणि तिने बघितलेलं घड्याळ, हात आणि त्यातली पिशवी. एका चौकटीत पुरेसं बसत नाही, म्हणून जोडी. माझ्या मते अर्ध्या फ्रेमचा इतका समजून केलेला उपयोग क्वचित दिसतो. चौकट लहान, ग्रेन मोठा, हे तिला ठाऊक आहे, आणि ती पोस्टकार्डापेक्षा मोठी प्रिंट करतच नाही.

पस्तीसचं मर्म त्या छत्तीसात आहे. छत्तीस फ्रेम असल्या की एखादी फुकट घालवायची मुभा मिळते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात होता, गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गेले. असा लोटलेला समुदाय, धक्के, धूळ, क्षणात बदलणारे चेहरे टिपायला हातातला छोटा लायका आणि भरलेला रोल लागतो. रघुबीर सिंग यांनी भारतातले रस्ते पस्तीसच्या रंगीत स्लाइड फिल्मवर टिपले. ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ हे त्यांचं पुस्तक १९९४ चं. काचा, आरसे, गाडीचे दरवाजे, हमालाची पाठ असं एकावर एक रचलेलं मुंबईचं दृश्य. ट्रायपॉड लावून बसलेल्याला ते कधीच सापडलं नसतं, कारण ते रचलं जातं आणि मोडतं ते पावलागणिक. सेबास्तियाओ सालगादो यांचा चर्चगेट स्टेशनचा १९९५ चा फोटोही पस्तीसवरचा. गाड्या जागेवर उभ्या, ठळक, आणि दोहोंमधून वाहणारी माणसं धूसर झालेली.

या फिल्मच्या छत्तीस फ्रेमांना शेवटी किती मोल आलं ते कोडाक्रोमने दाखवलं. १९३५ पासून चाललेल्या या फिल्मचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. शेवटच्या रोलांपैकी एक स्टीव्ह मॅकरी यांनी मागून घेतला आणि त्यातल्या काही फ्रेम खर्च करायला ते मुंबईत आले. अमिताभ बच्चन त्या रोलवर आहेत. एरवी ज्या रोलवर माणूस सहज बोट दाबत जातो, त्याच रोलवर मॅकरींना एकेक फ्रेम शीट फिल्मसारखी वापरावी लागली.

कॉन्टॅक्ट शीट वाचायला शिकणं हे मला पस्तीसच्या बाजूचं सर्वांत मोठं कारण वाटतं. सहा फ्रेमांच्या सहा पट्ट्या आठ बाय दहाच्या कागदावर मावतात. छत्तीस फोटो एका नजरेत. कुठे उभे होतो, कुठे एक पाऊल पुढे गेलो, कुठे घाईने निघून गेलो, सगळं उघडं पडतं. शिकणाऱ्याला दुसरा कुठलाही फॉरमॅट हे इतक्या स्वस्तात शिकवत नाही.

*

वन-ट्वेंटीकडे आलं की आपल्या घरांकडे यावं लागतं.

हा रोल कोडॅकने १९०१ साली दोन नंबरच्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला. फिल्म साधारण एकसष्ट मिलिमीटर रुंद, कडेला भोकं नाहीत, पाठीला काळा कागद, त्या कागदावर आकडे. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. त्यानंतर दोन महायुद्धं झाली, शेकडो कॅमेरे आले नि गेले. हा रोल अजून मिळतो. त्यातून कॅमेऱ्याप्रमाणे सिक्स बाय फोर-पॉइंट-फाइव्हचे पंधरा-सोळा फोटो निघतात, सिक्स बाय सिक्सचे बारा, सिक्स बाय सेव्हनचे दहा, सिक्स बाय नाइनचे आठ.

बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता, त्यांना हे सांगायची गरज नाही. प्लास्टिकचा ठोकळा, सिक्स बाय सिक्सचे बारा फोटो, उन्हाचं आणि ढगाचं चित्र बघून लावायची खूण. कितीतरी मराठी घरांतल्या अल्बममध्ये काळ्या पानावर, कोपऱ्यांत अडकवलेले, सव्वादोन इंची चौकोनी फोटो असतात, ते निगेटिव्हच्याच आकाराचे, न वाढवलेले. वाढवायचा खर्च वाचायचा. रोलमध्ये बाराच, म्हणून काकांनी बारसं, वाढदिवस आणि महाबळेश्वरची सहल एकाच रोलमध्ये बसवलेली असायची. रोल संपायला वर्ष लागायचं आणि मग तो धुवायला टाकायचा. त्या फोटोंमध्ये सगळे ताठ उभे दिसतात, कारण प्रत्येकाला माहीत होतं की ही बारामधली एक आहे.

लग्नाच्या फोटोग्राफरांनी याशिका आणि रोलीकॉर्डसारखे दोन लेन्सचे, वरून बघायचे कॅमेरे, म्हणजे टीएलआर, वर्षानुवर्षं वापरले. रोलीफ्लेक्स १९२९ चा, ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांचा. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो. कॅमेरा पोटाशी, मान खाली, काचेवर डावं-उजवं उलटलेलं चित्र. यातला मोठा फरक माझ्या लक्षात आला तो सातारच्या एका निवृत्त स्टुडिओवाल्यांमुळे. ते म्हणाले, “पस्तीसचा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्याला माझा चेहराच दिसत नाही हो. यात मान खाली घातली की माणसं सैल पडतात. आणि लहान मूल असेल तर कॅमेरा आपोआप त्याच्या उंचीला येतो.” चेहऱ्यासमोर यंत्र नाही, एक डोळा मिटून रोखलेली नजर नाही. टीएलआरवर काढलेल्या व्यक्तिचित्रांना जी एक शांत उंची असते, ती बऱ्याच अंशी पोटाच्या पातळीवरून बघण्यातून येते.

होमाई व्यारावाला यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि स्वतंत्र होणाऱ्या देशाचा चेहरा त्यांनी टिपला. त्यांच्या हाती रोलीफ्लेक्स असायचा, तसाच स्पीड ग्राफिक, म्हणजे चार बाय पाचच्या शीटचा प्रेस कॅमेराही. आज पस्तीसला पत्रकारितेचं फॉरमॅट म्हटलं जातं, पण त्या पिढीने पंतप्रधानांच्या सभा आणि परदेशी पाहुण्यांचं स्वागत बारा फ्रेमांत, कधी एकेका शीटवर बसवलं. फोटो केव्हा घ्यायचा हे बोट दाबण्याआधी ठरवावं लागे. चौकोनी निगेटिव्हचा व्यवहारी फायदाही होता: कॅमेरा आडवा-उभा करायचा नाही, वर्तमानपत्रात उभी जागा असली तर उभं कापायचं, आडवी असली तर आडवं.

चौकोन कापायचा नाही असं ठरवणारे वेगळे. दयानिता सिंग यांनी हॅसलब्लाडवर, बहुतेक कृष्णधवलमध्ये, घरं, कुटुंबं, कागदपत्रांच्या खोल्या टिपल्या आणि चौकोन हाच त्यांच्या रचनेचा कणा झाला. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. आडव्या चौकटीत नजर डावीकडून उजवीकडे फिरते, चौकोनात ती मधे येऊन थांबते. माणूस बसवायला चौकोन फार उदार आहे. देखाव्याला मात्र तो दरवेळी मानवत नाही; सह्याद्रीच्या कडेपठाराला मी सिक्स बाय नाइन निवडेन.

सिक्स बाय सेव्हनबद्दल थोडंच. मामिया आरबी ६७ हा १९७० चा कॅमेरा, लेन्ससकट अडीच किलोंच्या घरात. स्टुडिओत उत्तम. तो गळ्यात अडकवून गणपतीच्या मिरवणुकीत जायचा विचार कुणी करत असेल तर त्याने आधी एक दिवस भाड्याने घेऊन पाहावा.

*

शीट फिल्म हा स्वभावच वेगळा. रोल नाही. अंधारात एकेक शीट होल्डरमध्ये भरायची. तिच्या कोपऱ्याला खाचा असतात. त्या उजव्या हाताला वर लागल्या की इमल्शन आपल्याकडे आहे असं बोटांनी ओळखायचं. मग काळं कापड डोक्यावर घ्यायचं, ग्राउंड ग्लासवर उलटं, खाली डोकं वर पाय झालेलं चित्र बघायचं, फोकस करायचं, शटर बंद करायचं, होल्डर सरकवायचा, डार्क स्लाइड ओढायची आणि मगच फोटो घ्यायचा.

चित्र उलटं दिसतं याची लोक तक्रार करतात. मला तो लाभ वाटतो. चेहरा चेहरा राहत नाही, खांब खांब राहत नाही. उजेड-सावलीचे आकार उरतात आणि रचना डोळ्यांना आधी दिसते.

या कॅमेऱ्याचं खरं बळ भात्यात आहे. पुढचा आणि मागचा भाग स्वतंत्रपणे वर-खाली, तिरपा करता येतो. पुण्यातल्या बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभे राहा. रस्ता अरुंद, वाडा उंच. पस्तीसचा कॅमेरा वर वळवला की लाकडी खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकायला लागतात. शीट कॅमेऱ्यात मागची फिल्म उभी ठेवायची आणि फक्त लेन्स वर उचलायची. खांब सरळ राहतात, नक्षीदार सज्जा चौकटीत येतो. लेन्स तिरपी करून फोकसचं प्रतल अंगणाच्या फरशीवर झोपवताही येतं. त्याचा नियम ऑस्ट्रियाच्या लष्करातले अधिकारी टेओडोर शाइम्पफ्लूग यांच्या नावाने ओळखला जातो. वास्तू टिपायची असेल तर चार बाय पाचला पर्याय नाही, असं मी निःशंकपणे म्हणेन. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्या ताणताना निगेटिव्हवरचा तपशीलही ताणला जातो.

दुसरं बळ धुण्यात. रोलवरच्या बारा किंवा छत्तीस फोटोंना एकच डेव्हलपमेंट मिळते. शीट एकेकटी धुता येते. मे महिन्यातल्या दुपारी काळ्या दगडाच्या देवळाची सावली आणि कळसावरचं ऊन यांत एवढी तफावत असते की नेहमीच्या वेळेने धुतलं तर कळस पांढराफटक होतो. ती शीट कमी वेळ धुवायची. आषाढातल्या ढगाळ सकाळी सगळं एका राखाडी पट्ट्यात गोळा होतं. ती जास्त वेळ. अॅन्सेल अॅडम्सच्या झोन सिस्टीमचा गाभा हाच. आपल्याकडे मे आणि जुलै यांच्या उजेडात जेवढा फरक असतो, तो पाहता ही पद्धत सह्याद्रीसाठीच बेतलेली असावी असं वाटावं.

आपल्याकडच्या स्टुडिओंनी मोठी निगेटिव्ह वापरली त्याला आणखी एक कारण होतं. सातारच्या त्या गृहस्थांनी मला रिटचिंगचं टेबल दाखवलं: तिरकी दुधी काच, खाली आरसा, टोकदार शिसपेन्सिली. हाफ प्लेट किंवा क्वार्टर प्लेट निगेटिव्हवर चेहऱ्यावरचे डाग, डोळ्यांखालची काळोखी पेन्सिलीने भरायची, नको ते पात्याने खरवडायचं. सासरच्या मंडळींना पाठवायच्या फोटोत हे हमखास केलं जाई. पस्तीसच्या निगेटिव्हवर डोळा पेन्सिलीच्या टोकाएवढा. तिथे ही कला चालत नाही. पस्तीस आल्यावर रिटचर बेकार झाले, हे त्यांनी कसलाही कडवटपणा न आणता सांगितलं. त्यांचे वडीलच रिटचर होते.

*

आता व्यवहार, आणि तो इथल्या हवापाण्याचा. कृष्णधवल फिल्मच्या तक्त्यांत तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं असतं. विदर्भात एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. रसायन बर्फाच्या पाण्यात ठेवून उतरवता येतं, पण धुण्याचं पाणी गरम राहिलं तर इमल्शन मऊ पडतं, आणि तापमानाचा मोठा झटका बसला तर जिलेटिनवर जाळी उमटते. सगळी पाणी एकाच तापमानाला आणणं हे २० च्या हट्टापेक्षा महत्त्वाचं. २४ अंशांवर वेळ कमी करून छान निगेटिव्ह मिळतात. इथे रोल सोपा: डबा बंद, हात बाहेर. शीट ट्रेमध्ये धुणाऱ्याला पूर्ण अंधारात, पंखा बंद करून उभं राहावं लागतं. चेंजिंग बॅगमध्ये घामेजल्या हातांनी शीट भरणं तर कोकणातल्या पावसाळ्यात टाळावंच. बोटाचा ठसा फिल्मवर कायमचा उतरतो.

दमट हवेत लेन्सवर बुरशी चढते. मुंबईत आणि गोव्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरतं. फ्रिजमधला रोल मात्र बाहेर काढल्या काढल्या उघडू नये, बाष्प धरतं. फोर्टातल्या त्या कारागिराने जुना टीएलआर घेणाऱ्यांसाठी एक चाचणी सांगितली: शटर एक सेकंदावर लावून कान द्यायचा. आतलं तेल सुकलं असेल तर सेकंद लांबतो, नाहीतर मधेच अडतो.

फिल्म आता सगळी बाहेरून येते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना १९६० ची, उत्पादन १९६७ पासून. ‘इंदू’ हे नाव पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक फोटोग्राफरच्या ओठांवर आहे. तो कारखाना बंद पडला. आज रोचेस्टरचं कोडॅक, इंग्लंडमधल्या मोबर्लीचं इलफर्ड अशा मोजक्या ठिकाणांवर सगळ्यांची भिस्त आहे, आणि फॉरमॅट निवडताना त्या ठिकाणी काय कापलं जातं ते बघावंच लागतं. १९६३ ची १२६, १९७२ ची ११०, १९८२ ची डिस्क, १९९६ ची एपीएस. मोठ्या कंपन्यांनी एकेक करून त्यांच्यावरचा हात काढला. पस्तीस, वन-ट्वेंटी आणि चार बाय पाच टिकून आहेत. पस्तीसला सर्वांत जास्त प्रकारच्या फिल्म मिळतात, शिवाय सिनेमाच्या रिळातून भरलेले रोलही. त्या मूळ सिनेमा फिल्मच्या पाठीला काजळीचा थर असू शकतो, तो काढलेला नसेल तर नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये देऊ नये, त्यांचं रसायन बिघडतं. पस्तीससाठी लॅब सापडते, वन-ट्वेंटीसाठी शोधावी लागते, शीट बहुधा स्वतःच धुवावी लागते.

मला कुणी विचारलं, तर पहिलं वर्ष पस्तीसवर काढायला सांगेन, एकाच लेन्सवर, एकाच फिल्मवर, दर रोलची कॉन्टॅक्ट शीट करून. नंतर माणसांकडे ओढा असेल तर सिक्स बाय सिक्सचा टीएलआर. वाडे, देवळं, घाट यांच्याकडे असेल तर वन-ट्वेंटी ओलांडून थेट चार बाय पाच. रस्त्यावरच जीव रमत असेल तर पस्तीस सोडायचंच नाही, कुणी काहीही म्हणो.

आणि कॅमेरा घेण्याआधी घरातला माळा बघावा. स्टुडिओच्या पाकिटांत, जुन्या वह्यांत निगेटिव्ह निघतात. त्यांची रुंदी पट्टीने मोजा. सहा सेंटिमीटर असेल तर वन-ट्वेंटी, किंवा तीच फिल्म बारीक रिळावर गुंडाळलेली सिक्स-ट्वेंटी. साडेचारच्या जवळपास असेल तर वन-ट्वेंटी-सेव्हन. कडेला भोकांच्या रांगा असतील तर पस्तीस. सहा सेंटिमीटरवाल्या निगेटिव्ह साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवरही चांगल्या निघतात, फक्त त्याच्या झाकणात निगेटिव्हसाठी दिवा हवा. पस्तीसला मात्र डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने टिपलेलं जास्त बरं येतं. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या निगेटिव्ह ताबडतोब इतरांपासून वेगळ्या काढा, तो वास अॅसिटेट कुजल्याचा आहे आणि तो शेजारच्यांनाही लागतो. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, पट्ट्या कापून एकेक फोटो सुटा करू नका. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा, आणि पाकिटावर पेन्सिलीने कोण, कुठे, कधी हे लिहा. हे सांगू शकणारी आजी अजून घरात असेल तर आधी तिला विचारून.